एकच डाव, आजी!

मित्रांनो, दहा मिनिटं म्हणजे नेमका किती वेळ? घड्याळाकडे न बघता सांगता येईल तुम्हाला? "हॅ, त्यात काय अवघड आहे!" असं म्हणत असाल, तर आधी आमच्या घरात घडलेली ही गोष्ट ऐका.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. माझी आई म्हणजे माझ्या भाच्याची आजी. भाचेबुवा सातवीत आहेत. इथेच, छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत माझ्या भावाचं घर आहे. भाऊ-वहिनी दोघंही नोकरी करतात. त्यामुळे संध्याकाळी आजीच्या डोळ्यात औषध घालायचं काम भाचेबुवांनी आपण होऊन अंगावर घेतलं. डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या होत्या. पहिल्या बाटलीतला एक थेंब घालायचा, दहा मिनिटं डोळे मिटून थांबायचं आणि मग दुसऱ्या बाटलीतला थेंब घालायचा. पहिले चार दिवस सगळं अगदी वेळच्या वेळी झालं.

पाचव्या दिवशी मी सहज आईला भेटायला गेले. सव्वासात वाजले होते. आई पलंगावर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

"आई, झोप लागली का गं?"

"नाही गं. दुसरा थेंब राहिलाय. दहा मिनिटं थांब म्हणालाय पोरगा."

"पहिला कधी घातला?"

"सहाची गाडी गेली ना बाई समोरून, तेव्हा."

म्हणजे आई सव्वा तास डोळे मिटून बसली होती! मधे तिने तीनदा हाका मारल्या. तिन्ही वेळा आतून एकच उत्तर आलं, "एकच डाव, आजी!"

आत जाऊन बघते, तर भाचेबुवा खिडकीपाशी उभे. हातात मोबाइल, मान खाली, आणि अंगठा टकटक चाललेला. पडद्यावर एक छोटासा पक्षी दोन नळांच्या मधल्या फटीतून उडत होता. उडत होता कसला, आपटत होता! मी काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा खाडकन उतरला.

"आत्या, शप्पथ सांगतो, मला वाटलं दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला. सगळं ठीक होतं, काळजीचं कारण नव्हतं. पण त्या रात्री पोरगा नीट जेवला नाही. झोपायच्या आधी मला हळूच म्हणाला, "आत्या, गेम तर एकदम साधा आहे. मग मला सोडता का येत नव्हता?"

प्रश्न अगदी खरा होता. तेव्हा मी ठरवलं, याचं उत्तर शोधायचंच.

तीन दिवसांत बनलेला पक्षी

भाचेबुवांच्या मोबाइलवर होता तो एका जुन्या खेळाची नक्कल असलेला खेळ. मूळ खेळाचं नाव 'फ्लॅपी बर्ड'. तुमच्या ताई-दादांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. व्हिएतनाम देशातल्या हनोई शहरात राहणाऱ्या डाँग न्यूएन या तरुणाने तो एकट्याने बनवला. आणि तोसुद्धा किती दिवसांत? अवघ्या दोन-तीन दिवसांत! २४ मे २०१३ रोजी तो लोकांसाठी खुला झाला.

खेळ कसा, तर पडद्यावर बोट टेकवलं की पक्षी थोडा वर उडतो, नाही टेकवलं की खाली पडतो. समोरून हिरवे नळ येतात. एक वरून लोंबणारा, एक खालून उभा. मधल्या फटीतून पक्षी नेला की एक गुण. नळाला किंवा जमिनीला लागला की आउट. बस्स! राक्षस नाहीत, बंदुका नाहीत, गोष्ट नाही. दहा गुणांना कांस्यपदक, वीसला रौप्य, तीसला सुवर्ण आणि चाळीसला प्लॅटिनम.

टेबल टेनिसच्या बॅटवर चेंडू टप टप उडवत राहायचा खेळ तुम्ही कधीतरी खेळला असाल. न्यूएनच्या डोक्यात तीच कल्पना होती. पहिल्यांदा त्याने हा खेळ बराच सोपा केला होता. पण खेळून बघितल्यावर तो त्याला कंटाळवाणा वाटला, म्हणून त्याने तो मुद्दाम अवघड केला. इतका अवघड, की नवीन माणसाला पहिला नळ ओलांडतानाच घाम फुटावा!

सुरुवातीचे सात-आठ महिने या पक्ष्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मात्र जानेवारी २०१४ मध्ये काय जादू झाली कोण जाणे, जगभरची माणसं त्याच्यामागे लागली. फुकट खेळांच्या यादीत तो पहिल्या नंबरवर गेला. खेळात दिसणाऱ्या जाहिरातींमधून आपल्याला रोज सुमारे ५० हजार डॉलर मिळतात, असं न्यूएनने एका मुलाखतीत सांगितलं. त्या वेळच्या हिशेबाने रोजचे तीस लाख रुपये!

आणि मग ८ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याने जाहीर केलं की बावीस तासांनी मी हा खेळ काढून टाकणार. आणि खरोखरच काढून टाकला. लोकांना आधी ती थट्टा वाटली. सोन्याची अंडी देणारी कोंबडी कुणी हाकलून देतं का? न्यूएनचं म्हणणं असं होतं की, दमूनभागून आल्यावर चार-दोन मिनिटं खेळावं म्हणून मी हा खेळ केला होता. पण लोकांना त्याचं व्यसन लागलं, आणि ते मला बघवेना.

बघा मित्रांनो, ज्याने पक्षी उडवला त्यालाच तो खाली उतरवावासा वाटला. २०२४ मध्ये काही दुसऱ्या लोकांनी त्याच नावाने हा खेळ परत आणायचं ठरवलं. तेव्हा न्यूएनने, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असं सांगून टाकलं.

बोट आपलं, चूकही आपलीच

आता मुख्य प्रश्न. इतका साधा खेळ सुटत का नाही?

एक गोष्ट नीट बघा. या खेळात पक्षी आपटला, तर दोष कुणाला द्यायचा? पंच नाहीत, दुसरा खेळाडू नाही, 'पत्ते वाईट आले' म्हणायची सोय नाही. नळ येण्याचा वेग तोच, फटीची रुंदी तीच. पुढे गेल्यावर खेळ अवघडही होत नाही! जो पहिल्या नळाला नियम, तोच पन्नासाव्या नळाला. म्हणजे चूक झाली ती आपल्याच बोटाची. आणि आपलीच चूक असेल तर ती सुधारणंही आपल्याच हातात आहे, नाही का? म्हणून मन म्हणतं, "आत्ता थोडक्यात गेलं. पुढच्या वेळी नक्की!"

हे 'थोडक्यात गेलं' भारी लबाड असतं. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. जुगाराच्या यंत्रात तीच तीच चित्रं एका रेषेत आली की जिंकतो, तशा प्रकारचा खेळ त्यांनी लोकांना खेळायला दिला. एका घराने हुकलेला डाव खेळणाऱ्यांना आवडत नव्हता. पण गंमत अशी, की तसा डाव गेल्यावर पुन्हा खेळायची इच्छा मात्र वाढत होती! तीही कधी? तर ज्यावर डाव लावायचा ते चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने निवडलेलं असेल तेव्हा. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही भाग थोडक्यात हुकल्यावरही जागे होत होते. म्हणजे आपण हरलेलो असतो, पण मेंदूला अर्धवट जिंकल्यासारखं वाटत असतं.

दुसरी गंमत कबुतरांची. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. पेटीत एक बटण असायचं. त्यावर चोच मारली की दाणा पडायचा. काही कबुतरांना प्रत्येक टोचीला दाणा मिळायचा. काहींना कधी तीन टोचींनंतर, कधी वीस, तर कधी सात, असा काही नेम नाही अशा रीतीने मिळायचा. मग दाणे देणं अजिबात बंद केलं. नेमाने दाणा मिळणाऱ्या कबुतरांनी थोड्या वेळात नाद सोडला. पण बेभरवशाचा दाणा मिळणारी कबुतरं टोचतच राहिली, टोचतच राहिली. 'पुढच्या टोचीला पडेल' ही आशा काही सुटेना!

आता भाचेबुवांचा अंगठा आठवा. गुण कसे पडत होते? ०, २, ०, १, ९, ०, ३... त्या नऊने घात केला. नऊ म्हणजे पदकाला फक्त एक कमी!

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. आउट झाल्यावर नवा डाव सुरू व्हायला किती वेळ लागतो? एखादा सेकंद. क्रिकेटमध्ये आउट झालो तर बॅट दुसऱ्याच्या हातात जाते, आपण झाडाखाली जाऊन बसतो, पाणी पितो. तेवढ्या वेळात आठवतं की आईने दळण आणायला सांगितलं होतं! मोबाइलवर मात्र आठवायला वेळच मिळत नाही. 'पुरे आता' हा विचार मनात यायच्या आधी पक्षी पुन्हा उडालेला असतो. डाव दहा सेकंदांचा, म्हणून 'एकच डाव' म्हणताना आपण खोटं बोलतोय असंही वाटत नाही. पण दहा सेकंदांचे साडेचारशे डाव झाले की सव्वा तास होतो, हा हिशोब कोण करणार?

वेरूळचा डाव

हे सगळं मोबाइलमुळे सुरू झालं, असं मात्र समजू नका हं.

मोबाइल आले तेव्हाच्या साप-खेळाबद्दल बाबांना विचारा. नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ साली तो आला. फिनलंडच्या तानेली आर्मान्टो यांनी तो त्या फोनसाठी लिहिला होता. काळे ठिपके खात खात साप लांब होतो आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीला धडकतो. त्याच्याही आधी, १९८४ साली, मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' बनवला. वरून पडणारे ठोकळे फिरवून रांगा भरायच्या, एवढंच त्यात. पण बनवता बनवता पाजित्नोव स्वतःच त्यात इतके गुंतले, की काम बाजूला राहायचं आणि खेळच चालायचा. टेट्रिसला शेवट नाहीच, असं लोक वर्षानुवर्षं समजत होते. अखेर २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या एका मुलाने खेळाच्या १९८९ सालच्या एका जुन्या आवृत्तीत १५७वी पातळी गाठली, आणि खेळच बंद पडला! माणूस थांबला नाही, बिचारा खेळ थांबला.

पण याहून कितीतरी जुनी गोष्ट आपल्या शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. वेरूळला गेलात की सगळे कैलास लेणं बघतात आणि परत फिरतात. तुम्ही जरा पुढे, २१ क्रमांकाच्या लेण्यात जा. त्याला रामेश्वर म्हणतात. कैलासाहूनही जुनं, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचं. तिथे भिंतीवर शंकर आणि पार्वती सोंगट्या-फाशांचा डाव मांडून बसले आहेत. खालच्या बाजूला नंदी आहे आणि त्याच्याभोवती शंकराच्या गणांचा धुमाकूळ चाललाय. डावात नंदीच पणाला लागला, असा त्याचा अर्थ लावतात. असाच डाव २९ क्रमांकाच्या लेण्यातही कोरलेला आहे. तिथे पार्वती फासे टाकायला निघाली आहे आणि शंकर तिचा हात मागे धरतोय. बघितलंत? कैलासावरसुद्धा खेळताना हात धरायची वेळ येते! (लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवून जा.)

म्हणजे 'अजून एक डाव' ही ओढ माणसाला फार पूर्वीपासून आहे. आणि ती वाईटही नाही बरं का. भोवरा फिरवायला तुम्ही कसे शिकलात? पहिल्यांदा जाळी उलटी बसली, दुसऱ्यांदा भोवरा आडवा पडला, तिसऱ्यांदा कुणाच्या तरी पायावर! तरी 'आता नक्की' म्हणत तुम्ही पन्नास वेळा फेकलात, म्हणून तर एकदाचा तो गुंईं करत उभा राहिला. सायकल, पोहणं, पेटीवरचं सरगम, भूमितीतलं अवघड उदाहरण, सगळं याच ओढीवर येतं. ही ओढ नसती तर माणूस पहिल्याच पडण्याला घरी बसला असता.

मग बिघडलं कुठे?

नळाला पाणी आलं!

हे उत्तर मला आईकडून मिळालं. डोळा बरा झाल्यावर तिने एक दिवस नातवाला सांगितलं, "आण रे तो तुझा पक्षी. बघू तरी, काय आहे त्यात एवढं."

आई लहानपणी गुलमंडीजवळच्या एका वाड्यात राहायची. सागरगोट्यांत तिचा हात कुणी धरू शकत नसे. आपल्याकडे काही जण त्यांना गजगे म्हणतात. एक गजगा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे, मग वरचा झेलायचा. तेव्हा मोबाइलवरच्या पक्ष्याचं तिला काय विशेष! चष्मा चढवून बसली.

पहिला डाव, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. "अगं बाई, हा पडतोच कसा!" चौथ्यांदा एक गुण. मग आई पदर खोचून बसली. नातू शेजारी उड्या मारतोय, "आजी, दाब! आजी, आता सोड!" मीसुद्धा बघत उभी. आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. दूध! अर्ध्याहून जास्त दूध गॅसवर सांडलं होतं, उरलेलं पातेल्याला लागलं होतं.

आईने मोबाइल खाली ठेवला. क्षणभर गप्प बसली आणि मग खो खो हसायला लागली. "माझंही तेच झालं की रे!" पातेलं घासता घासता ती म्हणाली, "आम्ही काय कमी वेडे होतो? दिवस दिवस गजगे खेळायचो. पण आमचा डाव मोडायला कुणी ना कुणी यायचंच. अंधार पडायचा, गजगे दिसेनासे व्हायचे. मैत्रिणीची आई हाक मारायची. हाताची बोटं सोलायची. आणि नळाला पाणी आलं, की सगळ्या पोरी हंडे घेऊन पळायच्या! तुझ्या या पक्ष्याला ना अंधार, ना आई, ना नळ. त्याच्याकडे नुसते हिरवे नळ. पाण्याचा एकही नाही!"

मित्रांनो, आपल्या शहरात नळाची वाट बघणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण तोच नळ खेळालाही वेळेवर थांबवत होता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

फरक आहे तो एवढाच. जुन्या खेळांचा शेवट खेळाच्या बाहेर कुठेतरी तयार असायचा. मोबाइलचा पडदा अंधारातही दिसतो, गडी दमत नाहीत, कारण दुसरा गडीच नाही. आणि खेळ फुकट असला तरी आपण जितका वेळ खेळू तितक्या जाहिराती दिसतात, त्यामुळे खेळ बनवणाऱ्यालाही आपण थांबावं असं वाटत नाही. न्यूएनसारखा एखादाच! म्हणून या खेळाचा शेवट आपला आपण बनवावा लागतो.

सात वाजता भोंगा

एका अख्ख्या गावाने असा शेवट बनवला, ठाऊक आहे? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरायला लागल्या आणि घरोघरी मुलांच्या हातात मोबाइल आले. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण मोबाइल काही हातातून सुटेनात. मुलं अभ्यासाला बसेनात, मोठी माणसंही टीव्हीसमोरून उठेनात. तेव्हा गावाने ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून अंमलात आणलं. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजणार. तो वाजला की दीड तास मोबाइल बंद आणि टीव्हीही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या वेळात अभ्यास, वाचन, गप्पा.

सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर जाऊन सांगायला लागले. हळूहळू गाव तयार झालं. त्या दीड तासात मोबाइल कुणाचा बंद? फक्त मुलांचा नाही, सगळ्यांचा! बाबांचा चालू आणि मुलाचा बंद, असं असतं तर ते चाललं असतं का, तुम्हीच सांगा.

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, मूल तासभर खेळलं म्हणजे त्याला आजार झाला, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घातला आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत. खेळण्यावर ताबाच न राहणं, जेवण, झोप, शाळा, मित्र या सगळ्यांच्या आधी खेळच येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चाललेलं असणं. असं काही दिसलं तर रागावण्यापेक्षा मदत घ्यावी. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा त्रासासाठी वेगळं क्लिनिक आहे. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा फोन नंबरही आहे.

आणखी एक. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारने कायद्याने बंदी घातली आहे. 'थोडक्यात गेलं' याला पैसा जोडला की काय होतं, ते समजायला महाभारतातला द्यूताचा डाव आठवला तरी पुरे.

हातातून मोबाइल हिसकावून घेतला तर डाव मध्येच मोडतो आणि मूल चिडतं. त्यापेक्षा डाव सुरू व्हायच्या आधीच शेवट ठरवा. तोही मुलाला बरोबर घेऊन.

पाच गजगे

आमच्या घरी शेवट कसा ठरला, ते सांगते. आईने तिच्या जुन्या डब्यातून पाच गजगे काढले. गुळगुळीत, राखाडी. ते नातवापुढे ओळीने मांडले, शेजारी एक वाटी ठेवली. "पक्षी आपटला, की एक गजगा वाटीत. पाच संपले की मोबाइल कपाटात. असं दिवसातून तीनदा."

गंमत बघा, गजगा उचलायला मोबाइलवरचा हात काढावा लागतो, नजरही वर करावी लागते. तेवढ्यात घड्याळ दिसतं, आजी दिसते, गॅसवरचं दूध दिसतं!

पहिल्या दिवशी भाचेबुवांनी वकिली केली. "आजी, हा आउट धरायचा नाही. मध्येच माशी आली!"

"आमच्या वेळीही माशा होत्या," असं म्हणून आईने गजगा वाटीत टाकला.

पाचच डाव म्हटल्यावर तो आता घाई करत नाही, जपून खेळतो. एकदा तर बारा गुण केले, कांस्यपदक! कधी कधी अजूनही "आजी, फक्त एकच" असं तोंडातून निघतं. मग आई काही बोलत नाही. नुसती रिकामी वाटी वाजवते.

गेल्या महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा त्याच दोन बाटल्या, पुन्हा तीच मधली दहा मिनिटं. परवा संध्याकाळी मी गेले, तेव्हा आई डोळे मिटून पलंगावर बसली होती आणि नातू तिच्या शेजारी. मोबाइल कुठे दिसत नव्हता. मधल्या वेळात दोघांनी नवाच खेळ काढला होता. घड्याळाकडे न बघता दहा मिनिटं ओळखायची!

"झाली बघ दहा मिनिटं," आई डोळे मिटूनच म्हणाली.

नातवाने घड्याळ पाहिलं. "आउट, आजी! साडेसहाच झालीत."

तुम्हीही करून पाहा हा खेळ. आधी नुसतं डोळे मिटून बसा आणि दहा मिनिटं झाली असं वाटलं की घड्याळ बघा. मग दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचा खेळ खेळताना तसंच करा. घड्याळ मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. दोन्ही आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद आईबाबांना दाखवा. मग त्यांनाही तसंच करायला लावा. त्यांचे आकडे काय येतात, ते बघण्यात खरी मजा आहे!